प्रत्येक शॉट खरा आणि तरीही प्रचार: ‘लंडन कॅन टेक इट’ वर्गात दाखवताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवता. दुसऱ्या महायुद्धावरच्या धड्यासोबत तुम्ही अकरावीच्या वर्गाला ‘लंडन कॅन टेक इट’ हा १९४० सालचा नऊ-दहा मिनिटांचा माहितीपट दाखवलात आणि वर्गात दोन तट पडले. अर्धी मुलं भारावली. बाकीची म्हणाली, ‘हे सगळं बनावट आहे, सरकारी जाहिरात आहे.’ तुम्हाला दोघांनाही नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून तुम्ही विचारताय की यातलं खरं किती, याला माहितीपट म्हणायचं की प्रचारपट, आणि यंदा दाखवायचा तर कसा.

मी अठ्ठावीस वर्षं माहितीपटांचं संकलन करते. सुरुवात स्टीनबेक या संकलनयंत्राच्या टेबलावर फिल्मचे तुकडे चिकटवण्यापासून झाली, आता सगळं संगणकावर चालतं. हा माहितीपट मी निदान चाळीस वेळा पाहिला असेन, त्यातल्या बऱ्याच वेळा विद्यार्थ्यांबरोबर. त्यामुळे मी सांगेन ते कात्री चालवणाऱ्या बाईच्या नजरेतून असेल. इतिहासाची बाजू तुम्ही माझ्यापेक्षा चांगली सांभाळाल.

आधी प्रश्नाबद्दल. तुमच्या वर्गातल्या दोन्ही गटांनी एकच गोष्ट धरून ठेवली आहे, ती म्हणजे प्रचार म्हणजे खोटं. भारावलेल्यांना वाटतं, दृश्यं खरी आहेत म्हणजे हा प्रचार नाही. चिडलेल्यांना वाटतं, हा प्रचार आहे म्हणजे दृश्यं खोटी असणार. अडचण नेमकी इथे आहे. या माहितीपटातली चित्रं त्याच शहरातली आणि त्याच आठवड्यांतली आहेत. एखाददुसरं दृश्य जुळवून घेतलं असेल, तसं आम्ही सगळेच घेतो. पण घरं खरोखर कोसळली होती, माणसं खरोखर तळघरांत झोपत होती आणि सकाळी काचांच्या चुऱ्यावरून कामावर जात होती. आणि तरीही हा नखशिखांत प्रचारपट आहे. म्हणून ‘खरं की खोटं’ हा प्रश्न बाजूला ठेवा. विचारायचं ते हे: ही खरी चित्रं कुणासमोर मांडली, कुठल्या क्रमाने मांडली आणि टेबलाखालच्या टोपलीत काय गेलं?

तुमच्या हातात किती वेळ आहे यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. एकच तासिका असेल तर मी खाली सांगते त्यातलं निम्मंच जमेल. मुलांना इंग्रजी निवेदन कानाने कितपत कळतं, यावरही अवलंबून आहे. आणि तुमच्याकडे कुठली प्रत आहे तेही बघा, कारण याच्या दोन आवृत्त्या निघाल्या. अमेरिकेसाठी ‘लंडन कॅन टेक इट’, आणि ब्रिटनमधल्या थिएटरांसाठी थोडी छोटी ‘ब्रिटन कॅन टेक इट’. नाव बदलण्यामागचा विचार उघड आहे. बॉम्ब एकट्या लंडनवर पडत नव्हते, आणि दुसऱ्या गावच्या प्रेक्षकाला ‘लंडन सोसतंय’ एवढंच ऐकवलं तर तो दुखावणारच.

आता पार्श्वभूमी. ७ सप्टेंबर १९४०, शनिवारची दुपार. जर्मन विमानांनी लंडनच्या पूर्व भागातल्या गोद्या पेटवल्या आणि तिथून सलग ५७ रात्री शहरावर बॉम्ब पडले. ही मोहीम मे १९४१ पर्यंत चालली. ब्रिटनमध्ये मिळून सुमारे ४३ हजार नागरिक मेले, त्यातले जवळपास निम्मे लंडनचे. माहितीपट बनवला टपाल खात्याच्या चित्रपट शाखेने. ही शाखा तोवर युद्धकालीन माहिती मंत्रालयाच्या हाताखाली गेली होती. दिग्दर्शक दोघे, हॅरी वॉट आणि हम्फ्री जेनिंग्ज. संकलक स्ट्युअर्ट मॅकअलिस्टर. हे तिसरं नाव मुलांना आवर्जून सांगा. संकलकाचं नाव सहसा कुणी घेत नाही आणि इथे तर अर्धं काम त्याचं आहे. निवेदक आहे क्वेंटिन रेनॉल्ड्स, ‘कॉलियर्स वीकली’ या अमेरिकी साप्ताहिकाचा बातमीदार. निवेदनात तो म्हणतो, पाच आठवड्यांपूर्वी मृत्यू रोज रात्री इथे यायला लागला. ७ सप्टेंबरपासून पाच आठवडे मोजले की ऑक्टोबरचा मध्य येतो. म्हणजे हा माहितीपट रात्रीचे हल्ले चालू असताना, घाईघाईत, ताज्या फुटेजवर कापलेला आहे. अशा कामात हात कसा थरथरतो ते मला माहीत आहे, आणि या संकलनात थरथर कुठेही दिसत नाही, हे मला आजही थक्क करतं.

घाई कशाची होती? अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती. ५ नोव्हेंबरला तिथे अध्यक्षपदाची निवडणूक होती आणि ‘युरोपच्या भांडणात पडायचं नाही’ म्हणणारा मोठा वर्ग होता. पहिल्या महायुद्धात जर्मन अत्याचारांच्या तिखटमीठ लावलेल्या कहाण्या सांगून ब्रिटिशांनी आपल्याला ओढलं, अशी ठसठस अमेरिकनांच्या मनात होती. अशा प्रेक्षकासमोर ब्रिटिश आवाज आला असता तर त्याने कान मिटले असते. म्हणून आवाज अमेरिकी. हा माणूस पडद्यावर सांगतो की मी तटस्थ बातमीदार आहे. ब्रिटिश सरकारचा हात पुढे दिसत नाही. अमेरिकेत वॉर्नर ब्रदर्सने तो थिएटरांत पोचवला तेव्हा प्रेक्षकाला वाटलं, आपल्यातलाच एक माणूस तिथून पत्र पाठवतोय. आणि या पत्रात कुणाकडे काहीही मागितलेलं नाही. पैसे द्या, जहाजं द्या, युद्धात या, यातलं एक अक्षरही नाही. मदत मागणाऱ्याला माणूस टाळतो, पण न मागता सोसणाऱ्याकडे बघून त्याचा हात आपोआप खिशाकडे जातो. मार्च १९४१ मध्ये अमेरिकेने उधार-उसनवारीवर शस्त्रं देण्याचा लेंड-लीज कायदा केला. तो या माहितीपटामुळे झाला असं मी म्हणणार नाही. पण कुठलं दार वाजवायचं हे ज्यांनी माहितीपट बनवला त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता माझ्या कामाची गोष्ट, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे. रेनॉल्ड्स म्हणतो, लंडनमध्ये घबराट नाही, भीती नाही, निराशा नाही. हे वाक्य वर्गात थांबवून दाखवा. एकाच वाक्यात तीन वेळा ‘नाही’. संकलनाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला एक गोष्ट फार लवकर कळते: चित्र फक्त ‘आहे’ म्हणू शकतं. बस आहे, ढिगारा आहे, छत्री घेतलेला माणूस आहे. ‘नाही’ हे चित्राला दाखवता येत नाही, त्याला शब्दच लागतात. रस्त्याने चाललेल्या बाईचा शॉट तुम्ही मला दिलात, तर त्यावर ‘ती घाबरलेली नाही’ असं निवेदन मी लावू शकते आणि ‘ती इतकी घाबरली आहे की थांबायचीही हिंमत नाही’ असंही लावू शकते. चेहरा तोच राहील आणि दोन्ही वेळा प्रेक्षक मान डोलावेल. निवेदन पडद्यावर ‘नाही’ म्हणतं तेव्हा सावध व्हायचं, ही सवय मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला लावते.

आवाजाचंही तसंच. रात्रीच्या भागात रेनॉल्ड्स सांगतो, हे हॉलिवूडचे साऊंड इफेक्ट नव्हेत, लंडनमध्ये रोज रात्री वाजणारं हे युद्धाचं संगीत आहे. मग तो गप्प होतो आणि आपण अंधारात तोफा ऐकतो, झोपलेली माणसं बघतो. माहितीपटातला हा सर्वांत ताकदीचा भाग. पण त्या काळी रस्त्यावर हातात धरून फिरवायचे कॅमेरे मुके होते. आवाज वेगळा ध्वनिमुद्रित व्हायचा आणि चित्राला तो टेबलावर जोडला जायचा. म्हणजे तोफेचा आवाज अस्सल लंडनचा असला, तरी या धडाक्यानंतर हा झोपलेला म्हातारा, हा क्रम संकलकाने ठरवलेला. तो माणूस त्याच धडाक्यात झोपला होता का, हे चित्र सांगत नाही. आणखी एक बारकावा. तुम्हाला ऐकू येतात त्यातले बरेचसे आवाज लंडनच्याच विमानवेधी तोफांचे. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात या तोफा एकदम वाढवल्या गेल्या आणि रात्रभर डागल्या जाऊ लागल्या. त्यांनी विमानं फारशी पडली नाहीत, पण ‘आपलेही वाजवतायत’ या भावनेने लोकांना धीर आला. म्हणजे माहितीपट बनण्याआधीच शहरावर आवाजाचा प्रयोग झाला होता, आणि तो लागू पडला होता.

आता एक गोष्ट, जी मला पाहायला फार उशीर लागला. सामान्य लंडनकरांच्या धैर्यावरच्या या माहितीपटात एकही लंडनकर बोलत नाही. अग्निशमन दलाचे जवान दिसतात, हवाई हल्ल्यात लोकांना सावध करणारे वॉर्डन दिसतात, रुग्णवाहिका चालवणारे, कामावर निघालेले कारकून दिसतात. तोंड फक्त रेनॉल्ड्सचं उघडं आहे. आता कुणी म्हणेल, तेव्हा तंत्र नव्हतं. ते खरं नाही. १९३५ मध्येच लंडनच्या स्टेपनी भागातल्या चाळवजा घरांवर ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ नावाचा माहितीपट झाला होता. त्यात गरीब रहिवासी कॅमेऱ्याकडे बघून स्वतःच्या बोलीत उंदरांबद्दल, ढेकणांबद्दल, ओल्या भिंतींबद्दल सांगतात. स्टेपनी म्हणजे पूर्व लंडन, जिथे पाच वर्षांनी सर्वांत आधी बॉम्ब पडले. म्हणजे त्या लोकांना बोलतं करणं ब्रिटिश माहितीपटकारांना येत होतं. १९४० मध्ये त्यांना बोलू दिलं नाही, आणि बोलणारा माणूस काय बोलेल याची खात्री देता येत नाही, हे त्याचं कारण असावं असं मला वाटतं.

हे मी कोरड्या हाताने लिहीत नाही. २०१९ च्या महापुरानंतर एका सरकारी खात्यासाठी मदतकार्यावरची बारा मिनिटांची फिल्म मी कापली. कृष्णाकाठच्या एका गावातलं फुटेज होतं. एक बाई दारात उभी होती. भिंतीवर चिखलाची रेघ तिच्या डोक्याच्याही वर. प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड आणि मुलाची गुणपत्रिका. चाळीस-एक सेकंद ती बोलली: होडी तिसऱ्या दिवशी आली, तोवर आम्ही माळ्यावर होतो, सासू तिथेच गेली. मग गप्प झाली आणि नखाने दाराच्या कडीतला वाळलेला चिखल काढू लागली. पहिली प्रत बघून साहेब म्हणाले, ‘बोलणं काढा, नकारात्मक वाटतं.’ मी काढलं. नखाने चिखल काढतानाचा शॉट ठेवला, त्यावर बासरी लावली आणि निवेदनात वाक्य आलं, ‘पुन्हा उभं राहण्याची जिद्द’. फिल्मचं कौतुक झालं. त्यातला एकही शॉट खोटा नव्हता. ती बाई खरोखरच दार साफ करत होती. तिला जे सांगायचं होतं ते मात्र माझ्या हार्ड डिस्कवर राहिलं. तेव्हापासून मी असं काम घेताना लेखी अट घालते की माणूस दाखवायचा तर त्याचं निदान एक पूर्ण वाक्य ठेवायचं. ही अट मान्य नसल्याने काही कामं गेली, ती जाऊ दिली.

म्हणून चौकटीबाहेर काय राहिलं, ते मुलांना सांगायलाच हवं. सुरुवातीला सरकारने भुयारी रेल्वेची स्थानकं आसरा म्हणून वापरायला बंदी केली होती. लोक तिकीट काढून खाली उतरले आणि वर आलेच नाहीत, तेव्हा बंदी गळून पडली. १४ सप्टेंबरच्या रात्री पूर्व लंडनचे काही रहिवासी, त्यांचे कम्युनिस्ट पुढारी फिल पिराटिन यांच्यासह, थेट सॅव्हॉय या उंची हॉटेलच्या तळघरात जाऊन बसले. आमच्याकडे आसरा नाही, मग इथे का नाही, हा त्यांचा सवाल होता. १० सप्टेंबरच्या पहाटे पूर्व लंडनच्या कॅनिंग टाउनमधली एक शाळा बॉम्बने कोसळली. घरं गमावलेली कुटुंबं तिथे बसगाड्यांची वाट बघत थांबली होती. अधिकृत आकडा ७७ मृतांचा, पण तिथले लोक तो कधीच मानायला तयार झाले नाहीत. १४ ऑक्टोबरला बाल्हम या भुयारी स्थानकावरचा रस्ताच आत कोसळला आणि खाली आसऱ्याला असलेली माणसं दगावली. माहितीपट पुरा होत होता त्याच सुमाराची ही घटना. माहितीपटात एकही प्रेत नाही. कुणी सरकारवर चिडलेला नाही. कुणी उपनगराकडे पळालेला नाही. आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला झालेल्या मोजणीत आढळलं की त्या रात्री भुयारी स्थानकांत झोपलेले लंडनकर जेमतेम ४ टक्के होते, सार्वजनिक आसऱ्यांत ९ टक्के, घराच्या आवारातल्या आसऱ्यांत २७ टक्के. उरलेले आपापल्या पलंगावर, जिन्याखाली किंवा कामावर होते. आज भुयारी स्थानकात ओळीने झोपलेल्या माणसांची छायाचित्रं बघून आपल्याला वाटतं की अख्खं शहरच तिथे होतं. निवडलेलं चित्र कालांतराने अख्ख्या शहराची जागा घेतं, ते असं.

यातला सर्वांत विचारात पाडणारा माणूस जेनिंग्ज. १९३७ मध्ये ‘मास ऑब्झर्वेशन’ ही संस्था काढणाऱ्या तिघांपैकी तो एक. सामान्य लोक खरोखर काय बोलतात, काय विचार करतात, हे रोजनिश्या आणि निरीक्षकांकडून गोळा करणं हे या संस्थेचं कामच. नोव्हेंबर १९४० मध्ये बॉम्बहल्ल्यात इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री शहर उद्ध्वस्त झाल्यावर याच संस्थेच्या निरीक्षकांनी तिथे भेदरलेली, सैरभैर झालेली माणसं नोंदवली. म्हणजे लोक एकाच वेळी धीराचे आणि भेदरलेले असू शकतात हे जेनिंग्जला इतर कुणाहीपेक्षा जास्त माहीत असणार. तरी त्याने निवड केली. मी त्याला दोष देत नाही. रोज रात्री मरण येत असलेल्या शहरात बसून, आपलं शहर वाचावं म्हणून त्याने ती केली. पण ती निवड होती, हे म्हणायला आपल्याला कचरायचं कारण नाही.

आता तुमच्या चिडलेल्या मुलांसाठी. धैर्य बनावट नव्हतं, हे त्यांना तितक्याच ठामपणे सांगा. युद्धाआधी ब्रिटिश सरकारचीच भीती वेगळी होती. १९३७ च्या एका अंदाजात बॉम्बहल्ल्यांच्या पहिल्या ६० दिवसांत ६ लाख माणसं मरतील असं धरलं होतं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणत होते, वेड लागलेल्यांची रीघ लागेल. तसं झालं नाही. लोक रडले, भांडले, गाव सोडून गेले, परत आले, आणि सकाळी कामावर गेले. ‘घबराट नाही’ हे वाक्य त्या काळच्या राज्यकर्त्यांनाही बातमी वाटावं असं होतं. प्रचार टिकतो तो त्याच्या पोटात असा खरा दाणा असतो म्हणून. नुसत्या खोट्यावर उभा केलेला माहितीपट ऐंशी वर्षांनी तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना भारावून टाकू शकला नसता.

इथवरचं एकदा गोळा करते. चित्रं खरी आहेत. आवाज परदेशी आणि ‘तटस्थ’ आहे, कारण प्रेक्षक परदेशी आहे. ‘नाही’ शब्दांनी सांगितलं आहे, चित्राने नव्हे. ज्यांच्याबद्दल माहितीपट आहे ते त्यात बोलत नाहीत. आणि ज्या धैर्याची तो गोष्ट सांगतो ते होतं, फक्त ते एकटं नव्हतं.

पण मला स्वतःला अस्वस्थ करतो तो माहितीपटाचा शेवट, आणि त्यानंतर काय घडलं ते. शेवटाकडे रेनॉल्ड्स म्हणतो की बॉम्बला मर्यादा असतात. तो इमारती पाडू शकतो, माणसं मारू शकतो, पण लंडनच्या लोकांचं मन मारू शकत नाही. संसदेबाहेर सिंहहृदयी रिचर्ड राजाचा अश्वारूढ पुतळा आहे. हल्ल्यात त्याची उगारलेली तलवार वाकली, पण तुटली नाही. तेही चित्र या माहितीपटात आहे. आता पुढचं साल बघा. १९४१ मध्ये हॅरी वॉटने ‘टार्गेट फॉर टुनाइट’ केला. त्यात ब्रिटिश बॉम्बर विमान जर्मनीवर जातं. आपण वैमानिकांच्या सोबत वर असतो, खाली कोण झोपलंय ते दिसत नाही. आणि १४ फेब्रुवारी १९४२ रोजी ब्रिटिश बॉम्बर दलाला आदेश मिळाला, त्यात शत्रूच्या नागरिकांचं, विशेषतः औद्योगिक कामगारांचं मनोधैर्य हे मुख्य लक्ष्य ठरवलेलं होतं. ज्या सरकारने १९४० मध्ये जगाला सांगितलं की बॉम्ब मन मोडू शकत नाही, त्याच सरकारने दीड वर्षाने मन मोडण्यासाठी बॉम्ब पाठवले. जुलै १९४३ च्या अखेरीस हॅम्बुर्गमध्ये काही रात्रींत तीस-चाळीस हजार माणसं मेली. तिथलीही माणसं वाचल्यावर ढिगारे उपसून कामावर गेली. त्यांचं मनही मोडलं नाही. माहितीपटातलं ते वाक्य खरं निघालं, दोन्ही बाजूंना. तुम्ही इतिहास शिकवता, म्हणून सांगते: वर्गात वेळ कमी पडला तर बाकी काहीही गाळा, हे गाळू नका.

आपल्याकडचा धागाही आहे, तो ओढून आणलेला नाही. रेनॉल्ड्स हे निवेदन वाचत होता त्याच दिवसांत, १७ ऑक्टोबर १९४० रोजी, वर्ध्याजवळ पवनारला विनोबा भावे यांनी वैयक्तिक सत्याग्रहाचं पहिलं भाषण केलं. ब्रिटिशांच्या युद्धाला माणसं किंवा पैसा देऊन मदत करणं चूक आहे, हे त्याचं सार. काही दिवसांत त्यांना अटक झाली. ब्रिटनच्या, म्हणजे रेनॉल्ड्सच्या शब्दांत ‘चर्चिलच्या बेटावरच्या’ लोकांचं धैर्य गाणारं निवेदन आणि पवनारचं भाषण एकाच आठवड्यात ठेवून बघायला मुलांना सांगा. बेटाचं स्वातंत्र्य आणि साम्राज्याचं पारतंत्र्य हे एकाच सरकारच्या दोन हातांत होतं, हे त्यांना न सांगता दिसेल.

याच सरकारने मुंबईतही कॅमेरे फिरवले. १९४० मध्ये इथे युद्धप्रचाराचे लघुपट काढणारं फिल्म अ‍ॅडव्हायजरी बोर्ड स्थापन झालं. व्ही. शांताराम यांनी काही काळ त्याच्या निर्मितीची सूत्रं सांभाळली. १९४३ मध्ये ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ ही लघुपट काढणारी सरकारी संस्था आणि ‘इंडियन न्यूज परेड’ हा बातमीपट सुरू झाला, आणि थिएटरवाल्यांना हे लघुपट दाखवणं भारत संरक्षण नियमांखाली सक्तीचं झालं. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली निघालेल्या सरकारी फिल्म्स डिव्हिजनला हाच साचा वारशात मिळाला. सिनेमाआधीची ती काळी-पांढरी रिळं आणि त्यांचं भारदस्त निवेदन तुमच्या वयाच्या माणसाच्या कानात अजून असेल. आणि गाळलेल्या चित्राचं उदाहरण हवं असेल तर १४ एप्रिल १९४४ घ्या. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावरचा दारूगोळा फुटला. अख्ख्या शहराने तो हादरा अनुभवला, पण बातमी सेन्सॉरने अडवली. तपशील आधी दिला तो जपानच्या ताब्यातल्या सायगावच्या रेडिओने. मुंबईचे लोक तेव्हा काय कमी धीराचे होते? पण त्यांच्या धीरावर माहितीपट निघाला नाही, कारण ते चित्र सरकारला कुठल्याच प्रेक्षकाला दाखवायचं नव्हतं.

आता प्रत्यक्ष वर्गात काय करायचं. मी कार्यशाळेत करते ते सांगते, तुमच्या वेळेप्रमाणे कमी-जास्त करा. पहिल्यांदा काहीही प्रस्तावना न करता माहितीपट पूर्ण दाखवा. भारावायचं असेल त्यांना भारावू द्या. तो अनुभव आला नाही तर पुढचं सगळं पोकळ वाटतं. मग लगेच दुसऱ्यांदा, आवाज पूर्ण बंद करून. मुलांना एकच काम द्या: दिसतं तेवढंच लिहा, वाटतं ते लिहू नका. ‘शूर बाई’ चालणार नाही, ‘पिशवी घेतलेली बाई’ चालेल. नुसत्या चित्रातून ‘भीती नाही’ कुणालाच लिहिता येत नाही, हे त्यांचं त्यांनाच कळतं. वेळ असेल तर तिसऱ्यांदा डोळे मिटून फक्त निवेदन ऐकवा आणि त्यातले ‘नाही’ मोजायला लावा. रेनॉल्ड्स लंडनची तुलना पडून पुन्हा उठणाऱ्या मुष्टियोद्ध्याशी करतो, ते वाक्य पकडायला सांगा. शहर एक देह झालं की त्यातली वेगवेगळी माणसं, वेगवेगळे मोहल्ले दिसेनासे होतात. शेवटी प्रत्येकाला एक शॉट ‘काढायला’ सांगा, म्हणजे या माहितीपटात नसलेला पण त्या आठवड्यात लंडनमध्ये घेता आला असता असा. वर मी दिलेल्या घटना त्यासाठी पुरतील.

एक काळजी घ्या. आजच्या कुठल्याही युद्धाची दृश्यं लगेच शेजारी लावू नका. मुलं आपोआप तिकडे वळतील, वळू द्या, पण तुम्ही सुरुवात करू नका. आजच्या युद्धात प्रत्येकाची बाजू आधीच ठरलेली असते आणि मग बघायचं राहूनच जातं. १९४० चं अंतर इथे उपयोगाला येतं.

मागच्या वर्षी एका कार्यशाळेत, आवाज बंद असताना, झोपलेल्या माणसांच्या दृश्यावर मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. तिने विचारलं, ‘मॅडम, अंधारात हे दिसतायत म्हणजे दिवा लावला असणार. मग त्या माणसांना जाग आली नाही का? की त्यांना सांगितलं होतं, झोपल्यासारखं करा?’ मला उत्तर माहीत नव्हतं, तसं मी सांगितलं. मग पुढचा अर्धा तास वर्ग स्वतःच वाद घालत राहिला: दिवा कुठे ठेवला असेल, त्यांना विचारलं असेल का, आणि विचारलं असेल तर त्यातला कुणी नको म्हणाला असेल का. मी मधे बोलले नाही. तुमची तासिका पस्तीस मिनिटांची असेल तर पहिलं प्रदर्शन आदल्या दिवशी उरका, म्हणजे आवाज बंद करून बघायला आणि अशा एखाद्या प्रश्नाला दुसरा दिवस मोकळा राहील.